भाग ४१ : ‘लस टोचली की दूध कमी होतं’ – खरं किती, खोटं किती?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना अडखळलो ते थोडं साफ केलंय, बाकी जसंच्या तसं. नेट चालत नसेल तर वाचा, चालत असेल तर कानात घालून धारा काढा.)

मागून जो आवाज येतोय ना, ती आमची राणी आहे. तिला कळलंय की आपण तिच्याबद्दल बोलणार. आज रेकॉर्डिंग खोलीत गाद्या लावून नाही, थेट गोठ्यात बसून करतोय. त्यामुळं मधेच बादली वाजली, कुणी हंबरलं, तर सांभाळून घ्या.

गेल्या भागानंतर बार्शीकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या म्हणाल्या, “दादा, आमच्याकडं लसवाले आले होते, सासऱ्यांनी परत पाठवले. लस टोचली की दूध कमी होतं म्हणाले. हे खरंय का? आणि खरं असेल तर मी त्यांना काय सांगू?”

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो. खरंय. तुमचे सासरे खोटं बोलत नाहीयेत. लस दिल्यावर एक-दोन दिवस, कधी तीन-चार दिवस दूध थोडं उतरतं. जनावराला कणकण येते, टोचलेल्या जागी गाठ येते, वैरण कमी खातं. हे लपवून ‘काही होत नाही हो’ असं सांगणाऱ्या लोकांमुळंच शेतकऱ्याचा लसीवरचा विश्वास उडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण दूध तो स्वतः मोजतो. त्याला दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. त्यासाठी आधी आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आण्णांना विचारून सांगतोय, नाहीतर जेवण बंद होईल.

आमच्या गोठ्यात काय झालं

आमचं गाव फलटण तालुक्यात. चार वर्षांपूर्वी गोठ्यात सहा संकरित गाई, एक म्हैस, दोन वासरं. रोजचं दूध सगळं मिळून सत्तर लिटरच्या आसपास. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी लाळ्या खुरकूतची फेरी आली. आण्णा दारातच म्हणाले, “आत्ता नको. दिवाळीचं दूध आहे. सण होऊ द्या, मग या.” ते बिचारे पुढच्या वस्तीवर गेले. परत आलेच नाहीत, कारण त्यांना अख्खा तालुका करायचा असतो.

दिवाळी झाली. आण्णांनी बाजारातून एक गाभण कालवड आणली. दिसायला देखणी, भाव पण बरा पडला. कानात टॅग नव्हता, ते कुणी बघितलंच नाही. आणली आणि दावणीला राणीच्या शेजारी बांधली.

चौथ्या दिवशी कालवडीच्या तोंडाला फेस. आई म्हणाली, काहीतरी आंबट खाल्लं असेल. सहाव्या दिवशी राणी लंगडायला लागली. आठव्या दिवशी सगळा गोठा. जिभेची साल निघालेली, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत, खुरांच्या बेचक्यात जखमा, सडांवर फोड. सडांवर फोड म्हणजे धार काढायला हात लावला की गाय लाथ मारणार. तिची काही चूक नाही. सत्तर लिटरचं दूध पंचवीसवर आलं आणि वीस दिवस तिथंच राहिलं.

आणि दोन महिन्यांचं खोंड होतं. त्याच्या तोंडात एकही फोड नव्हता. सकाळी आईला पिलं, दुपारी उन्हात उभं होतं, उभ्या उभ्या पडलं आणि गेलं. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, लहान वासरांत हा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो, फोड यायच्या आधीच वासरू जातं. आई दोन दिवस जेवली नाही. आण्णा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच जास्त होतं.

आता हिशेब बघा, कारण तुमच्या सासऱ्यांना हिशेबच पटेल. लस दिली असती तर समजा दहा टक्के दूध तीन दिवस कमी झालं असतं. सात लिटर गुणिले तीन, म्हणजे २१ लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर ६३० रुपये. लस न दिल्यानं रोज ४५ लिटर, वीस दिवस, म्हणजे ९०० लिटर. २७,००० रुपये. यात औषधं नाहीत, खोंड नाही. आणि राणी नाही. राणी मेली नाही, पण त्यानंतर ती उन्हाळ्यात धापते. तोंड उघडं टाकून, कुत्र्यासारखी. अंगावरचे केस वाढलेत. दूध पूर्वीच्या निम्मं. लाळ्या खुरकूतनं मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणून लोक त्याला हलकं घेतात. पण ते जनावर पुढची चार-पाच वर्षं रोज थोडं थोडं तोट्यात जातं, ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

नूरा कुस्ती

लस काम कशी करते? आमच्या भागात कुस्तीचा नाद आहे, म्हणून तसंच सांगतो. नूरा कुस्ती माहितीये ना? आधीच ठरवून केलेली, खोटी. लस म्हणजे शरीरानं केलेली नूरा कुस्ती. लाळ्या खुरकूतच्या लसीत विषाणू मारलेला असतो. तो रोग करू शकत नाही, पण त्याचा चेहरा तसाच असतो. शरीर त्याच्याशी झोंबतं, त्याचे डाव शिकतं. त्या झटापटीत अंग तापतं, भूक मरते, दूध उतरतं. म्हणजे जे दोन दिवसांचं दूध कमी होतं ना, ती तालमीची फी आहे. खरा पैलवान मैदानात उतरतो तेव्हा शरीराला त्याचे डाव आधीच माहीत असतात.

पण डाव शिकायला वेळ लागतो. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात. हे नीट ऐका, कारण गावागावांत जो गैरसमज आहे तो इथंच जन्माला येतो. शेजारच्या गोठ्यात रोग आला की आपण धावत जाऊन लस मागतो. तोवर विषाणू आपल्या गोठ्यात शिरलेला असतो. रोग दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागतो. सोमवारी लस दिली, शुक्रवारी लाळ गळायला लागली. मग काय? ‘लसीनंच रोग आला!’ लसीनं नाही आला, तो आधीच आत बसला होता. आपण उशिरा पोचलो.

एका तालमीत काम भागत नाही, हे दुसरं. वासराला पहिली लस साधारण चार महिन्यांचं झाल्यावर देतात, एक महिन्यानं बूस्टर आणि मग दर सहा महिन्यांनी एकदा. चार महिने का थांबायचं? कारण वासरानं चीक पिलेला असतो. आईची प्रतिकारशक्ती चिकातून त्याच्यात आलेली असते. ती असेपर्यंत लसीला आत धड कामच करता येत नाही, आईची प्रतिकारशक्तीच तिला अडवते. म्हणून लस घेतलेल्या गाईचा चीक पोटभर पाजणं हीच वासराची पहिली लस समजा. आणि तो बूस्टर! लोक पहिली लस देतात आणि बूस्टर विसरतात. अर्धी तालीम करून मैदानात उतरवल्यासारखं आहे ते.

दर सहा महिन्यांनी का, हा प्रश्न आण्णांनी पण विचारला होता. “माणसाला देवीची लस एकदाच दिली होती की!” बरोबर आहे, पण देवीचा विषाणू एकरूपी होता. लाळ्या खुरकूतचे जगात सात प्रकार आहेत, त्यातले तीन आपल्याकडं फिरतात : ओ, ए आणि एशिया-१. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आपल्या लसीत तिन्ही असतात. शिवाय मेलेल्या विषाणूची लस असल्यानं तिची आठवण शरीरात फार काळ टिकत नाही.

‘गावानं दिली ना, मग माझी कशाला?’

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि खरं सांगू, तो मूर्खपणाचा नाहीये. कोविडच्या काळात हर्ड इम्युनिटी हा शब्द सगळ्यांनी ऐकला. हर्ड म्हणजे कळप. हा शब्द मुळात गोठ्यातूनच आलाय. अमेरिकेत १९१० च्या दशकात गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताबद्दल लिहिताना पशुवैद्यांनी तो वापरला, माणसांच्या डॉक्टरांनी नंतर उचलला. आणि ‘व्हॅक्सिन’ हा शब्दही गाईवरूनच आलाय, लॅटिनमध्ये गाईला व्हाक्का म्हणतात. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरनं गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर लस केली, तिथून. एवढं सगळं गाईनं दिलं आणि आपण तिलाच लस द्यायला का-कू करतो!

तर कळपाचं गणित असं. विषाणूला एका जनावरातून दुसऱ्यात उडी मारायला रिकामं जनावर लागतं. गावातल्या शंभरातल्या ८० जनावरांत प्रतिकारशक्ती असेल तर बहुतेक उड्या वाया जातात आणि साथ विझते. म्हणून लसीकरणात ८० टक्क्यांच्या आसपासचा आकडा सारखा ऐकू येतो. आता तुम्ही म्हणाल, मग मी त्या उरलेल्या वीसमध्ये बसतो की. बसा. पण त्या वीसमध्ये आधीच कोण बसलंय बघा : चार महिन्यांखालची वासरं, आजारी जनावरं, अगदी दिवस भरत आलेल्या गाई, आणि ज्यांना लस देऊनही नीट लागू पडली नाही अशी. त्या जागा त्यांच्या आहेत.

आणि गाव म्हणजे बंद डबा नाही. आमच्याकडं दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोड सुरू होते. बीडकडून, पाथर्डीकडून, जतकडून बैलगाड्या येतात. कारखान्याच्या तळावर शेकडो बैल एका ठिकाणी, एकाच हौदावर पाणी. त्यात त्या लोकांचा काय दोष? पोटासाठी आलेत, आणि बैल आजारी पडला तर त्यांचा हंगामच बुडतो. उचल घेतलेली असते ती वेगळीच. त्यांच्या बैलांना निघायच्या तीन आठवडे आधी, त्यांच्याच गावात लस मिळाली पाहिजे. इथं आल्यावर देणं म्हणजे परत तेच, उशीर. माझं मत विचाराल तर लसीकरणाच्या सगळ्या नियोजनात ही एक गोष्ट सुधारली तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांना निम्मा दिलासा मिळेल.

बैल सोडा, दूध गोळा करणाऱ्याचे बूट, उधार आणलेलं दावं, बाजारातून परत आलेला टेम्पो, यातूनही विषाणू येतो. म्हणून आता आमच्याकडं नवीन जनावर आलं की तीन आठवडे मागच्या पत्र्याच्या शेडात. त्याचं पाणी वेगळं, बादली वेगळी, धार शेवटी. आण्णा त्याला ‘क्वारंटाइन’ म्हणतात आणि स्वतःच हसतात.

मिरगाच्या आधी

आता पावसाळी रोग. हे जरा भराभर सांगतो, कारण ही लस बहुतेक ठिकाणी शेतकरी स्वतःहून मागतात. घटसर्प आणि फऱ्या. दोन्हीची लस मे-जूनमध्ये, मृग निघायच्या आत.

घटसर्पात ताप, गळ्याला सूज, घशात घरघर, आणि कित्येकदा एका दिवसात खेळ खलास. म्हशींना जास्त. माणसांच्या घटसर्पाशी त्याचं फक्त नाव जुळतं, जंतू वेगळा आहे. फऱ्याला काही भागात एकटांग्या म्हणतात, कारण जनावर एक पाय ओढतं. मांडीवर नाहीतर फऱ्यावर सूज येते, दाबली की आत वायू चरचरतो. गंमत, म्हणजे गंमत नाही, पण हा रोग गोठ्यातलं सगळ्यात तगडं, सहा महिने ते दोन वर्षांचं जनावर उचलतो. याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पावसाचं पाणी आणि कोवळं गवत आलं की वर येतात. म्हणजे एकदा ज्या शिवारात फऱ्या झाला तिथं दरवर्षी लस, सूट नाही.

काळपुळी, म्हणजे फाशी, याची लस सगळीकडं देत नाहीत, जिथं रोग होतो तिथंच देतात. पण एक लक्षात ठेवा : जनावर अचानक मेलं आणि नाका-तोंडातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर ते फाडू नका, कातडं काढू नका. आधी दवाखान्यात फोन.

जी लस गाईपेक्षा आपल्यासाठी आहे

इथं थोडं थांबतो. शहरात बसून ऐकणाऱ्यांनी पण कान द्या.

सांसर्गिक गर्भपात, ब्रुसेलोसिस. गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकते. वार अडकते. पुढं उलटत राहते. शेतकरी म्हणतो नजर लागली. मग तो काय करतो? पडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलून उकिरड्यावर टाकतो. कुत्री ते गावभर नेतात. बहुतेक घरांत हे काम बायका करतात. आणि मग काही आठवड्यांनी त्या बाईला संध्याकाळचा ताप, घाम, सांधे धरतात. मलेरिया तपासला, टायफॉइड तपासला, काही नाही. गोळ्या बदलत महिने जातात. डॉक्टरला ‘आमच्या गाईनं गाभ टाकला होता’ हे कुणी सांगतच नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटतच नाही. कच्च्या दुधातूनही हा जंतू येतो. उकळलेल्या दुधात तो मरतो. त्यामुळं ‘गावाकडचं ताजं, न तापवलेलं दूध’ प्रेमानं पिणाऱ्या पुणेकरांनो, प्रेम राहू द्या, पण दूध तापवा.

गाईला एकदा हा रोग झाला की बरा करणारा खात्रीचा उपचार नाही. हातात फक्त लस आहे. आणि ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. ती खिडकी गेली की गेली. खोंडांना नाही, गाभण गाईला तर अजिबात नाही, कारण ही जिवंत जंतूची लस आहे. टोचणाऱ्यानंसुद्धा हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालायचा असतो. कुणी उघड्या हातानं टोचत असेल तर त्याला अडवा. त्याच्याच भल्यासाठी.

तुमच्या घरात आत्ता कालवड असेल तर ऐकणं थांबवा आणि तिचा जन्म कधीचा ते विचारा. आठ महिने पूर्ण व्हायचेत का? मग उद्याच फोन करा. टोल फ्री नंबर १९६२. मी थांबतो.

थंड पेटी

‘लस दिली तरी रोग आला’ असं सांगणारे सगळे खोटं बोलत नाहीत. आमच्याच शेजारच्या गोठ्यात त्या वर्षी लस दिलेली होती, तरी दोन गाईंना तोंडात फोड आले. हलके आले, आठवड्यात बऱ्या झाल्या, पण आले. कुठलीच लस शंभर टक्के नसते. पण कधीकधी लस टोचायच्या आधीच मेलेली असते.

या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या असतात. कंपनीपासून तुमच्या गोठ्यापर्यंत सगळा प्रवास. उन्हात तापली तर बिघडते हे सगळ्यांना कळतं. पण लाळ्या खुरकूतची लस गोठली तरी बिघडते, हे फार जणांना माहीत नसतं. ‘जास्त थंड म्हणजे जास्त चांगली’ असं नाही. मी एका शिबिरात बघितलंय, गाव सांगत नाही : थर्माकोलची पेटी झाडाखाली उघडी, सावली सरकून गेलेली, बर्फाचं पाणी झालेलं, आणि बाटली शर्टाच्या खिशात. त्या दिवशी टोचलेल्या शंभरेक जनावरांच्या कानात टॅग आहे, कागदावर नोंद आहे. अंगात काय आहे, देव जाणे. यात टोचणाऱ्या एकट्याला धरून चालणार नाही. मोटरसायकलवर एक माणूस, दिवसाला दीड-दोनशे जनावरं, त्यातली निम्मी रानात. आपण जनावरं वेळेवर दावणीला बांधून ठेवली तरी त्याची पेटी तासभर कमी उघडी राहते.

मग आपण बघायचं काय? पेटीत बर्फ आहे का. बाटलीवरची मुदत. सुई बदलली का, कारण एकाच सुईनं गोठाभर टोचलं तर रक्तातले रोग आपणच वाटतो. आणि आपल्या बाजूनं, जंताचं औषध लसीच्या आठ-पंधरा दिवस आधी दिलेलं असावं. जंतांनी पोखरलेलं, अशक्त जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. ताप असेल तर त्या दिवशी लस नको. गाय दिवस भरत आलेली असेल तर सांगा. लाळ्या खुरकूतच्या मेलेल्या लसीनं गाभ जात नाही, पण चार माणसांनी तिला आडवी-तिडवी दाबून धरली तर त्यानं जाऊ शकतो. टोचून झाल्यावर सावली, भरपूर पाणी, दोन दिवस बैल जुंपू नका. ताप चढलाच तर डॉक्टरांना विचारून तापाचं औषध द्या. दूध कमी होणं यानं आणखी आटोक्यात राहतं. आणि ते दूध प्यायला काही हरकत नाही.

लम्पी आणि बुळकांडी

२०२२ चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवतोय? जळगावकडून लम्पीच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता राज्यभर. बाजार बंद, शर्यती बंद, व्हॉट्सॲपवर गाठींनी भरलेल्या गाईंचे फोटो, आणि ‘दूध पिऊ नका’च्या अफवा. लम्पी माणसाला होत नाही, तेव्हाही होत नव्हता. त्याची स्वतःची लस तेव्हा बाजारात नव्हती. हिसारच्या संशोधन संस्थेत ‘लम्पी-प्रोवॅकइंड’ नुकतीच तयार झाली होती. मग काय दिलं? शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, चुलतभाऊ म्हणा, म्हणून ती चालते. राज्यात काही आठवड्यांत झाडून सगळ्या गोवंशाला ती टोचली गेली. त्या वेळी एकाही शेतकऱ्यानं दूध कमी होईल म्हणून लसवाल्याला परत पाठवल्याचं मी ऐकलं नाही. माणसं दवाखान्यासमोर पहाटे रांग लावून उभी होती. भीती डोळ्यांसमोर दिसली की लस हवी असते. भीती दिसत नसताना घेतलेली लसच जास्त कामाची, हे कठीण आहे खरं.

आमची आजी चिडली की म्हणायची, “बुळकांडी लागली का तुला?” लहानपणी मला ती नुसती शिवी वाटायची. बुळकांडी हा रोग होता. गोवरच्या विषाणूचा नातेवाईक. जनावरांना रक्ताची हगवण लागायची आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडायच्या. नांगराला बैल उरायचे नाहीत, मग माणसांची उपासमार. त्याच्यावर काम करायला १८८९ मध्ये एक प्रयोगशाळा उघडली, कुठं? आपल्या पुण्यात. नंतर १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, असा घातक जंतू वस्तीपासून लांब असावा म्हणून. तिथं १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९५४ पासून देशभर मोहीम चालली. गावोगाव, दावणी-दावणीला. चाळीस वर्षं. १९९५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला, २००६ मध्ये देश मुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये जग. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा फक्त दुसरा रोग. आज तुमच्या गाईला बुळकांडीची लस कुणी देत नाही, कारण गरजच उरली नाही.

लाळ्या खुरकूतचं तसं होईल का? सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत केंद्राचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी, १३,३४३ कोटींचा. लस फुकट, कानात बारा आकडी टॅग, ऑनलाइन नोंद, आणि २०३० हे साल रोग संपवायचं ठरवलेलं. मला विचाराल तर २०३० अवघड वाटतं. बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा होता, एक लस जन्मभर पुरायची. इथं तीन प्रकार आणि दर सहा महिन्यांनी फेरी. एक फेरी चुकली की पुन्हा मागं. आमच्या दारातून परत गेली तशी.

शेवटी एक तुकडा ऐकवतो. काल संध्याकाळचा आहे. पलीकडं आमच्या चुलत्यांचा, तात्यांचा गोठा. मधे फक्त एक भिंत. तात्या अजून लस देत नाहीत. आण्णा आणि मी भिंतीवरून बोलत होतो, फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

(रेकॉर्डिंग)

आण्णा : फेरी आलीय परवापासून. देऊन टाक.

तात्या : आण्णा, म्हैस आत्ता कुठं नऊ लिटरवर आलीय.

आण्णा : माझं खोंड आठवतंय का तुला?

(इथं बराच वेळ कुणी बोलत नाही. बादलीचा आवाज.)

तात्या : तिच्या कानात ते पिवळं आहे, त्यावरनं कळतं का रे, मागं कधी दिली होती ते?

मी : कळतं की, तात्या. थांबा.

मी भिंत ओलांडून गेलो. टॅगवर शेण वाळलं होतं, ते पुसलं, बारा आकड्यांचा फोटो काढला आणि पशुधन पर्यवेक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची. खाली लिहिलं होतं, बुधवारी तुमच्या वस्तीवर येतोय, जनावरं बांधून ठेवा.

तात्यांना वाचून दाखवलं. ते धारेला बसत म्हणाले, “सकाळी नको. संध्याकाळची धार झाल्यावर यायला सांग.”